हिरव्या पट्ट्यातले पाच गुंठे : बेळगावात शेतात घर बांधण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या दक्षिणेला, येळ्ळूर रस्त्याच्या अंगाला वडिलोपार्जित 1 एकर 12 गुंठे भातशेत आहे. वडील वारल्यावर उताऱ्यावर दोन भाऊ आणि एक बहीण अशी तीन नावं लागली. रस्त्यालगतचे पाच गुंठे बाजूला काढून धाकट्या भावाला राहायला घर बांधायचं आहे. प्लॉट पाडायचे नाहीत, विकायचंही नाही. एजंट म्हणतो, ‘दीड महिन्यात एन.ए. काढून देतो, झोनचं मागनं बघूया की.’ (एन.ए. म्हणजे शेतजमीन बिगरशेती वापरायची परवानगी.) चंदगडचे मेव्हणे सांगतात, गावठाणाजवळ असेल तर एन.ए. लागतच नाही. शेजारच्या शेतात बाँडवर (स्टँप पेपरवर) घेतलेल्या प्लॉटांवर चार घरं उभी राहिली, त्यांना कुणी विचारलेलं नाही. तर सुरुवात कुठून करायची?

मी या भागात पंचवीस वर्षांहून जास्त काळ नकाशे आणि मंजुऱ्यांची कामं करतोय. हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी टेबलावर येतो, आणि बहुतेक वेळा एजंटला पैसे देऊन झाल्यावर येतो. तुम्ही आधी विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

मेव्हण्यांपासून सुरू करू. ते खोटं बोलत नाहीत, फक्त त्यांचं राज्य वेगळं आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या 42-ड या कलमाने गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला सवलत दिली. शिनोळीचा, म्हणजे राज्याच्या हद्दीवरचा, नाका ओलांडून गेलात की तो कायदा लागू. नाक्याच्या अलीकडे कर्नाटक भू-महसूल कायदा 1964 आणि त्याचं कलम 95. आपल्या लोकांचा घोटाळा कुठे होतो, तर मराठीत शोधलं की जे काही वाचायला मिळतं ते सगळं महाराष्ट्राचं. सात-बारा, तुकडेबंदी, गुंठेवारी, सनद. वाचून माणूस तयार होतो आणि तहसीलदार कचेरीत जाऊन भलताच अर्ज देतो. आपल्याकडे 1 नोव्हेंबर 1956 च्या आधीचे कागद मुंबई राज्याचे आहेत, म्हणून जुन्या फेरफारात नवी शर्त, वतन, कूळ हे शब्द भेटतात आणि ते वाचता आलेच पाहिजेत. पण आज परवानगी द्यायची ती कर्नाटकाच्या कायद्याने. घराची जागा थेट गावठाणाच्या आत असेल तर गोष्ट निराळी, तिथे शेतजमिनीचा प्रश्नच येत नाही. तुमचं भातशेत गावठाणाबाहेर आहे.

आता मूळ गोष्ट. ‘एन.ए. झालं’ असं लोक म्हणतात तेव्हा त्यांना वाटतं, सगळं झालं. खरं तर चार वेगळी दारं आहेत आणि प्रत्येकाची किल्ली वेगळ्या कचेरीत. पहिलं, नियोजनाच्या नकाशात तुमच्या सर्व्हे नंबरला कुठला रंग आहे. हे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचं, म्हणजे बुडाचं काम. दुसरं, शेतजमिनीचा बिगरशेती वापर करायची परवानगी. ही जिल्हाधिकाऱ्यांची, आणि आपण एन.ए. म्हणतो ती हीच. तिसरं, त्या तुकड्याला निवासी प्लॉट म्हणून मंजुरी. तुम्ही लेआउट करत नसलात तरी एकट्या प्लॉटचीही मंजुरी लागते, कारण रस्ता किती सोडायचा ते तिथे ठरतं. चौथं, बांधकामाचा परवाना. एजंट दुसऱ्या दारावर उभा राहून सांगतोय की पहिलं मागनं बघू. हे दाराआधी कुलूप विकत घेण्यासारखं आहे.

पहिल्या दाराला एवढं महत्त्व का, ते सांगतो. कलम 95 मध्ये अशी तरतूद आहे की जमीन जाहीर झालेल्या मास्टर प्लॅनमध्ये, म्हणजे याच नियोजनाच्या नकाशात, येत असेल आणि तुम्ही मागताय तोच वापर प्लॅनमध्ये दाखवलेला असेल, तर ठरलेली फी भरल्यावर परवानगी दिली असंच धरलं जातं. म्हणजे पिवळ्या पट्ट्यात, निवासी झोनमध्ये, एन.ए. हे आता बरंचसं शपथपत्र, ऑनलाइन अर्ज आणि चलन एवढंच राहिलंय. तिथे दीड महिना म्हणणारा एजंट खोटं बोलत नाही. पण हिरव्या पट्ट्यात, म्हणजे शेती झोनमध्ये, अर्ज गेला की नियोजन प्राधिकरणाचा अभिप्राय उलटा येतो आणि फाइल तिथेच बसते. एजंटचा ॲडव्हान्स मात्र बसत नाही.

तुम्ही नकाशाचा मोबाइलवरचा फोटो पाठवलाय, त्यात तुमचा सर्व्हे नंबर हिरव्यात दिसतो आणि पिवळा पट्टा अगदी बांधाला लागून. त्या फोटोवर एक पैही लावू नका. 1:10,000 च्या नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर दहा मीटर. दहा मीटर म्हणजे जवळपास 33 फूट, आणि 33 गुणिले 33 म्हणजे आपला एक गुंठा. रेघेच्या जाडीतच तुमच्या प्लॉटची एक बाजू जाते. म्हणून सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि मोजणी नकाशा जोडून बुडाकडे लेखी अर्ज करा आणि भू-वापराचा दाखला हातात घ्या. ‘हा सर्व्हे नंबर अंशतः निवासी, अंशतः शेती’ असं उत्तर आलं तर सोनं समजा, रस्त्यालगतचा भाग पिवळ्यात असण्याची शक्यता मोठी असते. मी दोन प्रकरणांत असं बघितलंय की घरमालक तीन वर्षं हिरवा समजून गप्प बसला होता आणि पुढचा निम्मा तुकडा पिवळा निघाला. उलटंही बघितलंय, ते सांगायला नको.

दाखल्यावर पूर्ण हिरवा आला तर काय? मग झोन बदलायचा म्हणतात तो रस्ता. कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा 1961, कलम 14-अ. इथे बुडा स्वतःच्या अधिकारात बदल करत नाही, राज्य सरकारची पूर्वमंजुरी लागते. बदल सार्वजनिक हिताचा असावा लागतो. वर्तमानपत्रात जाहीर करून निदान 15 दिवस हरकती मागवाव्या लागतात. कारणंही कायद्यात दिलेली आहेत: नकाशातली चूक, तपशील राहून गेलेला, परिस्थिती बदललेली. ‘मला घर हवंय’ हे त्यात कुठे बसवणार? मोठे बिल्डर पंधरा-वीस एकरांसाठी हा मार्ग धरतात, त्यांना खर्च आणि दोन-तीन वर्षं परवडतात. पाच गुंठ्यांसाठी, स्वतःच्या एका घरासाठी मी कुणाला 14-अ च्या नादी लागा असं सांगत नाही. आजवर सांगितलेलं नाही. प्लॅनची फेरतपासणी होते तेव्हा आराखडा जाहीर होऊन हरकती-सूचना मागवतात, त्या वेळी आजूबाजूच्या पाच-दहा शेतकऱ्यांनी मिळून लेखी सूचना देणं जास्त शहाणपणाचं. पण आपल्या गावात आराखड्याची जाहिरात वाचतंय कोण? पिवळा कुठे गेला ते कळतं तेव्हा नकाशा मंजूर झालेला असतो.

हिरव्यातच राहून घर बांधायची एक वाट मात्र कायद्यात आहे, ती म्हणजे शेतघर. कलम 95 प्रमाणे शेतकरी आपल्या शेतात शेतीच्या सोयीसाठी इमारत बांधू शकतो. शेतघराला धारण क्षेत्राच्या 10 टक्क्यांची मर्यादा आहे. तुमचं गणित करून बघा. 1 एकर 12 गुंठे म्हणजे 52 गुंठे, त्याचे 10 टक्के 5.2 गुंठे. बघा, तुम्हाला हवे तेवढेच! पण थांबा. उद्या तिघांची वाटणी झाली की धाकट्याच्या वाट्याला 17 गुंठे आणि वर थोडं येईल, त्याचे 10 टक्के म्हणजे पावणेदोन गुंठे, साधारण 1,890 चौरस फूट. घर त्यातही बसतं. फक्त हे घर शेतकऱ्याचं शेतघर आहे हे शेवटपर्यंत लक्षात ठेवावं लागतं. भाड्याने द्यायचं, दुकान काढायचं, पुढे घरापुरता तुकडा विकायचा, हे जमत नाही. नियोजन नकाशाच्या नियमावलीत शेती झोनमधल्या शेतघराला किमान क्षेत्राची अट असते का, हे भू-वापराच्या दाखल्याबरोबरच विचारून घ्या, कारण वाटणीनंतरचे 17 गुंठे त्या अटीत अडकू शकतात. म्हणजे आधी वाटणी की आधी घर, हा निर्णय या एका उत्तरावर फिरतो. शिवाय गृहकर्जवाल्या बँका शेतघर म्हटलं की तोंड वाकडं करतात. पैसे घरचे असतील तरच या वाटेने जा.

आता झोनपेक्षाही ज्याने जास्त घरं अडली आहेत तो विषय. बहीण.

तुम्ही लिहिलंय, ‘अक्काची काही हरकत नाही, ती तोंडी बोलली आहे.’ हेच वाक्य मी एका घरात सोप्यावर बसून ऐकलं होतं. समोर चहा, थोरल्या अक्का दारात उभ्या, भाऊ म्हणाला, ‘अक्काला काय विचारायचं, ती आमचीच हाय.’ अक्का काही बोलल्या नाहीत. मी त्यांच्या गप्प बसण्याकडे बघितलं नाही, मोजणीच्या फीकडे बघितलं. अर्ज भरायच्या दिवशी अक्का आल्याच नाहीत. दुसऱ्या महिन्यात कोर्टातून वाटणीच्या दाव्याची नोटीस आली आणि उताऱ्याच्या कॉलम 11 मध्ये त्याची नोंद पडली. ते काम नंतर सात वर्षं उभं होतं. अक्कांची मागणी दोन गुंठ्यांची होती. पहिल्या दिवशी विचारलं असतं तर त्यांनी तेवढंच सांगितलं असतं.

कायदा सरळ आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा जन्मापासून मुलाइतकाच वाटा, हे हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने झालं. आपल्या कर्नाटकात 1994 सालीच वेगळी दुरुस्ती झाली होती, पण ती तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरती होती. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे ‘अक्काचं लग्न आधी झालंय’ किंवा ‘हुंड्यात दिलंय तिला’ याला काही अर्थ उरलेला नाही. तुमच्या उताऱ्यावर तर तिचं नाव चढलेलंच आहे. तिची सही नाही तर अर्ज पुढे सरकणार नाही. तोंडी सोडलेला हक्क सोडलेला होत नाही. नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र किंवा नोंदणी केलेली वाटणी लागते. आणि एक सुचवू का? हक्कसोडपत्र मागायला जाण्याआधी तिला तिच्या वाट्याचं विचारा. शेतीचा वाटा नको म्हणाली तरी रस्त्याकडचा एक गुंठा तिला हवा असू शकतो. द्या. पाच गुंठ्यांतला एक देऊन चार मिळतात, नाहीतर पाचही कोर्टात जातात.

थोरल्या भावाचंही तसंच. तो पुण्याला असेल, मुंबईला असेल, तर नोंदणीकृत मुखत्यारपत्र करून ठेवा, नाहीतर प्रत्येक सहीसाठी रात्रीची गाडी.

आता उतारा, म्हणजे आरटीसी, आपण पहाणी म्हणतो ती. लोक त्यात फक्त नाव बघतात. कॉलम 3 बघा: एकूण क्षेत्र आणि त्यातून वजा केलेला खराबा. खराबा दोन प्रकारचा. ‘अ’ खराबा म्हणजे तुमचाच, पण पिकाऊ नाही म्हणून आकारणीतून सोडलेला. ‘ब’ खराबा म्हणजे वाट, ओढा, स्मशान अशा सार्वजनिक कामाचा. तो तुमच्या नंबरात असला तरी तुमचा नाही आणि त्याचं एन.ए. होत नाही. हा धडा मी माझ्याच चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका शेतकऱ्याचा नकाशा मी पहाणीवरच्या एकूण क्षेत्रावरून काढून दिला. साडेतीन गुंठे ‘ब’ खराबा होता, तोही नेमका रस्त्याकडे, जिथे घराचा पोर्च दाखवला होता. भूमापन खात्यातल्या म्हाताऱ्या सर्व्हेअरने नकाशा उलटा करून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, ‘साहेब, हे घर तुम्ही ओढ्यात बांधलंय.’ तेव्हापासून पहिल्यांदा कॉलम 3 आणि मग बाकी.

कॉलम 9 मध्ये नावं आणि प्रत्येकाचं क्षेत्र, कॉलम 11 मध्ये बोजा आणि इतर हक्क. गावच्या सोसायटीचं पीककर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी बोजा कायम असतो, कारण फेडल्याचा दाखला कुणी दिलेलाच नसतो. तो काढून घ्या. तिथेच कुळाचा किंवा सरकारने मंजूर केलेल्या जमिनीचा काही शेरा असेल तर मग इंजिनिअर नको, आधी वकील बघा. अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनींसाठी 1978 चा वेगळा कायदा आहे, त्यात पूर्वपरवानगीशिवाय झालेली खरेदी कितीही वर्षांनी उलटू शकते. तुमची वडिलोपार्जित आहे, तरी आजोबांच्या नावावर ती कशी आली ते जुन्या फेरफारात बघाच.

जुना कागद मिळाला तर आणखी एक फायदा. तुमच्यासारख्याच एका घरात आजोबांचं वाटणीपत्र मोडीत होतं, ट्रंकेत, पिवळ्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. मोडी वाचणारे शहरात अजून सापडतात. त्यात चतुःसीमा लिहिल्या होत्या: पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस ओढा, ‘पश्चिमेस गाडीवाट, बैल जाण्यायेण्याची’. त्या एका ओळीने शेजाऱ्याशी चाललेला रस्त्याचा वाद मिटला, कारण गाव नकाशात ती वाट तुटक रेघांनी दाखवलेली होतीच, फक्त बांध सरकत सरकत ती तीन फुटांवर आली होती. रस्त्याची ही गोष्ट घराच्या मंजुरीत सर्वांत कठीण. एन.ए. जमिनीला मिळतं, पण प्लॉट मंजूर व्हायला त्याला सार्वजनिक रस्ता लागतो आणि त्या रस्त्याची रुंदी नियमात बसावी लागते. तुमचं शेत डांबरी रस्त्याला लागून आहे हे नशीब. तरी रस्ता रुंदीकरणाची रेघ मास्टर प्लॅनमध्ये कुठून जाते ते बघा. तेवढी जागा मंजुरीच्या वेळी नोंदणी करून सोडून द्यावी लागते. पाच गुंठे म्हणजे 5,445 चौरस फूट. त्यातला गुंठाभर रस्त्यात गेला आणि चारही बाजूंनी मोकळी जागा सोडली की घराला जे उरतं ते आताच कागदावर काढून बघा. कित्येकदा पाचाऐवजी सहा गुंठे काढणं भाग पडतं, आणि ते वाटणीआधी कळलेलं बरं.

मोजणी. नंबरातला फक्त एक तुकडा एन.ए. करायचा असेल तर 11-ई नकाशा, म्हणजे तेवढ्याच तुकड्याचा वेगळा मोजणी नकाशा, लागतो. त्यासाठी मूळ टिपण (जुन्या मोजणीचा कच्चा नकाशा), आकारबंद (क्षेत्र आणि आकारणीची नोंद) आणि पहाणी या तिन्हींतलं क्षेत्र जुळलं पाहिजे. निम्म्या वेळा जुळत नाही. पहाणीवर 1 एकर 12, आकारबंदात 1 एकर 10, जमिनीवर 1 एकर 8. फरक दुरुस्त करून घेतल्याशिवाय 11-ई निघत नाही आणि दुरुस्तीला वेळ लागतो, त्यासाठी एजंटही काही करू शकत नाही, जरी तो करतो म्हणाला तरी. एन.ए. झाल्यावर भूमापन कचेरीत कमीजास्त पत्रक होतं, आपल्याकडे सगळे केजेपी म्हणतात. ते करून घेईपर्यंत तुमचा तुकडा कागदावर वेगळा झालेला नसतो. एन.ए. ऑर्डर फ्रेम करून भिंतीला लावणारे आणि केजेपी न करणारे मी बरेच बघितलेत. मुलाच्या लग्नाला कर्ज काढायला गेले की आठवण येते.

शेजारच्या चार घरांबद्दल थोडं. स्टँप पेपरवर, म्हणजे बाँडवर, घेतलेला दोन-तीन गुंठ्यांचा प्लॉट ही आपल्या शहराच्या कडेची जुनी पद्धत. उताऱ्यावर नाव मूळ शेतकऱ्याचंच, घर मात्र दुसऱ्याचं. पंचायतीने घरपट्टी घेतली म्हणून घर कायदेशीर होत नाही. 2013 पासून ई-स्वत्तूवर, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदीत, नमुना 9 आणि 11 द्यायला लागले, त्यात गावठाण किंवा एन.ए. होऊन मंजूर झालेला प्लॉट पाहिजे. बाकीच्यांना 11-ब मिळतो, तो कर भरण्यापुरता. बँक 11-ब वर कर्ज देताना हात आखडता घेते. कुणी विचारलेलं नाही हे खरं, पण विचारलं जातं ते विकायच्या दिवशी, तारण ठेवायच्या दिवशी किंवा रस्त्यासाठी जमीन जाते त्या दिवशी. हलगा-मच्छे बायपासच्या वेळी सुपीक जमीन जातेय म्हणून शेतकऱ्यांनी केवढी झुंज दिली ते सगळ्यांना माहीत आहे. अशा वेळी ज्याचं नाव उताऱ्यावर नाही त्याच्याकडे भरपाई मागायला कागद तरी कुठला असणार?

यावरून: भूसंपादनाची अधिसूचना तुमच्या नंबरावर आहे का, तेही एकदा बघून घ्या. शहराभोवती रिंगरोडची बोलणी आहेतच.

आणि पाणी. तुम्ही लिहिलंय रस्त्याकडचे पाच गुंठे, पण कुठल्या बाजूला उतार आहे ते लिहिलं नाही. येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूरचं शिवार बळ्ळारी नाल्याचं. आषाढात चार दिवस सलग लागला की नाल्याचं पाणी शेतात फिरतं. भात त्यात तग धरतं, घराची फरशी धरत नाही. मास्टर प्लॅनमध्ये नाल्यापासून सोडायचं अंतर दिलेलं असतं, ते मोजून घ्याच. पण मी त्याहून साधी गोष्ट करतो: शेजारच्या म्हाताऱ्याला विचारतो, ‘आज्जा, 2019 ला पाणी कुठंवर आलं होतं?’ तो काठीने दाखवतो. त्या रेघेवर दोन फूट चढवून जोत्याची उंची धरायची. भाताच्या खाचरातली माती वर्षानुवर्षं पाणी पिलेली असते, पायासाठी खणताना चार फुटांवर घट्ट मुरूम लागतो की अजून चिखलच, ते आधी दोन खड्डे खणून बघा. पाच-सहा हजारांचा खर्च, पण पाया बदलायचा की नाही ते तिथे ठरतं.

अख्ख्या 1 एकर 12 चं एन.ए. करून टाकू, पुढे उपयोगी पडेल, असं एजंट सुचवेल. करू नका. त्याला फी जास्त मिळते, तुम्हाला बाकीच्या शेतावर पीककर्ज मिळणं अवघड होतं आणि बिगरशेती कर भरत बसावं लागतं. आयकराचं वेगळंच: महापालिकेच्या हद्दीपासून 6 किलोमीटरच्या आतली शेती विकली तर नफ्यावर कर लागतोच, कारण बेळगावची लोकसंख्या 1 ते 10 लाखांच्या गटात येते. एन.ए. केलेली तर अंतर कितीही असो, विकल्यावर कर आलाच. तुम्हाला घर हवंय, घरापुरतंच करा. बाकीच्या खाचरात बासमती येऊ द्या. त्या पट्ट्याचा बेळगाव बासमती तुमच्या मुलांना विकत घ्यावा लागू नये एवढी माझी इच्छा, पण ती सल्ल्याच्या फीत धरू नका.

एजंटबद्दल. सगळे लबाड नसतात, कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायला वेळ नसलेल्यांना त्यांचा उपयोग होतो. पण सरकारी फी चलनाने तुमच्या नावावर भरली जाते आणि पावती निघते. जो माणूस ‘फी आणि माझं मिळून इतके’ असं सांगतो, त्याला दोन आकडे वेगळे लिहून द्यायला सांगा. त्याची रक्कम तीन टप्प्यांत द्या आणि पहिला टप्पा भू-वापराचा दाखला हातात आल्यावर. असं म्हटलं की बरेचजण पुन्हा फोन करत नाहीत, आणि तेही एक उत्तरच.

शेती घ्यायला शेतकरी असावं लागतं, ही अट आपल्याकडे आता नाही. 2020 च्या दुरुस्तीने भूसुधारणा कायद्यातली 79-अ आणि 79-ब ही कलमं गेली. म्हणून कुणी तुम्हाला ‘एन.ए. केलंत तर तुमचं शेतकरीपण जाईल’ अशी भीती घातली तर बेळगावपुरती ती फोल आहे. चंदगडकडे किंवा कोल्हापूरकडे जमीन घ्यायचा विचार असेल तर मात्र तिथला नियम तिथल्या वकिलाला विचारा, मेव्हण्यांना नको.

तर तुमचा क्रम माझ्या मते असा. या आठवड्यात अक्का आणि थोरल्या भावाबरोबर बसा. वीस मिनिटांत उठू नका, जेवूनच उठा. मग पहाणी, जुने फेरफार, टिपण आणि आकारबंद काढा आणि चारही एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. त्याच वेळी बुडाकडे भू-वापराचा अर्ज आणि शेतघराच्या अटींबद्दल लेखी विचारणा. पिवळा आला तर नोंदणीकृत वाटणी, 11-ई, एन.ए., प्लॉट मंजुरी, केजेपी, परवाना. हिरवा आला आणि शेतघराची अट बसत असेल तर वाटणी थांबवून तिघांच्या सहीने शेतघर. दोन्ही नाही जमलं तर शेत तसंच ठेवा आणि गावठाणातली किंवा मंजूर लेआउटमधली जागा बघा. महाग वाटेल, पण 14-अ च्या मागे घालवलेल्या वर्षांचा हिशेब कुणी मांडत नाही.

मोजणीचा अर्ज आत्ता दिलात तरी तारीख सुगीनंतरची मागून घ्या. उभ्या भातात बांधाचे दगड सापडत नाहीत, आणि सर्व्हेअर एकदा ‘हद्द दिसत नाही’ असं लिहून गेला की तो परत यायला पुढचं पीक कापावं लागतं.